गडबडे यांची खुर्ची

१ जुलै, बुधवार

काल संध्याकाळचा प्रकार नोंदवून ठेवतो. झोपताना गोष्ट कोणाकडून ऐकायची, असं सूनबाईंनी चिमीला विचारलं. मी पलंगाच्या कडेवर घसा साफ करून बसलेलोच होतो. चिमी म्हणाली, दात-आजोबांना फोन लाव.

दात-आजोबा म्हणजे आमचे व्याही, सूनबाईंचे वडील. रिटायर्ड डेंटिस्ट. हा माणूस आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घालून गप्पा मारत आला. समोरच्याला ‘पुरे’ म्हणायची सोयच नाही. अशाने कोणीही बोलका होईल. त्यात विशेष ते काय?

उलट मी. विमा कंपनीत दावे तपासण्यात उभी हयात गेली. लोक येऊन वाटेल ते सांगायचे आणि त्यातलं खोटं मी हुडकून काढायचो. म्हणजे माझं सगळं आयुष्य गोष्टींतच गेलं. पण घरात याची कदर आहे का? घर की मुर्गी, वगैरे.

संकल्प: चिमी या महिन्यात आपल्या तोंडाने म्हणेल, ‘आजोबा, गोष्ट सांगा.’ मी मागे लागणार नाही. तिने आपणहून म्हटलं पाहिजे.

चिमीच्या बालवर्गाला ‘गोष्ट आणि कल्पना’ तासासाठी एक हौशी आजी किंवा आजोबा हवेत, दर बुधवारी. चिठ्ठी फ्रिजवर लावलेली आहे. किती दिवस आहे, हे कोणी मला सांगितलं नाही. योगायोग असेल.

३ जुलै, शुक्रवार

शाळेत मोठ्या बाईंना भेटलो. मुलांच्या कल्पनाशक्तीचं महत्त्व यावर थोडक्यात बोललो. मध्ये घंटा झाली, मधली सुट्टी होऊन गेली. बाई मन लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, सतरंजीवर बसता येईल का, गुडघे कसे आहेत? म्हटलं, फर्स्ट क्लास. निवड झाली! दुसरा कोणी अर्जदार नव्हता, ही गोष्ट गौण आहे.

उठताना टेबल धरावं लागलं. टेबल हलकं निघालं.

६ जुलै, सोमवार

गोष्ट तयार. संपूर्ण स्वतंत्र. नाव: ‘प्रामाणिक कासव’. एका कासवाचं घर पुरात वाहून जातं. ते सर्व कागदपत्रं मुदतीत सादर करतं, त्यामुळे त्याला नवीन घर मिळतं. थरार आहे, बोधही आहे.

हिला वाचून दाखवली. कासव दुसऱ्या खिडकीपाशी पोचलं तेव्हा ही दूध उतू जाईल म्हणून उठून गेली. नंतर पाहिलं तर गॅसवर दूध नव्हतंच. वयाप्रमाणे विसरभोळेपणा येतो माणसाला.

८ जुलै, बुधवार

पहिला तास. अभूतपूर्व!

गोष्ट सुरू करताच मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. कासव शी कुठे करतं? घर तर त्याच्या पाठीवरच असतं ना, मग वाहून कसं गेलं? हलत्या दाताच्या एका मुलाने तर कासवाला मोटरसायकल देऊन टाकली. प्रश्न शेवटी, असं नम्रपणे पण ठामपणे सांगितलं. त्यानंतर कमालीची शांतता. आधी एक मुलगी आडवी झाली, मग तिच्या शेजारची, मग पूर्ण रांग. मंत्रमुग्ध होणं म्हणतात ते हेच.

वर्गाच्या ताई नंतर म्हणाल्या, मुलांनाही थोडं सांगू द्या, अर्धी गोष्ट त्यांची असते. पोरगेलशी आहे बिचारी. नवीन नोकरी असेल. मी मनावर घेतलं नाही.

मग मुलांचं घर-घर सुरू झालं. मोठ्यांनीही खेळात उतरावं, असं ताई म्हणाल्या, म्हणून विचारलं, मी कोण होऊ? मुलांनी बाजूला जाऊन खलबत केलं. आई, डॉक्टर, कुत्रा, ड्रायव्हर वगैरे किरकोळ भूमिका आधीच गेल्या होत्या. मला फ्रिज केलं. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मुलं येऊन माझा हात धरून दार उघडायची, आत काहीतरी ठेवायची आणि धाडकन बंद करायची. जरा विचार केला तर लक्षात येतं, अख्खं घर ज्याच्या जिवावर चालतं तो फ्रिजच. मुलांना हे उपजत कळतं.

खांदा चोळून घेतला पाहिजे.

९ जुलै, गुरुवार

चिमीने फोनवर व्याह्यांना सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता. आजोबा चांगले फ्रिज होते, असं ती म्हणाली. स्तुती ऐकून समाधान वाटलं. पलीकडून व्याही हसत होते. बराच वेळ हसत होते. मत्सर किती थराला जातो!

१३ जुलै, सोमवार

ताईंच्या आग्रहाखातर कार्यशाळेला गेलो. विषय: ‘खेळातून कल्पनाविस्तार’. सगळ्या बायका, पुरुष मी एकटाच, त्यामुळे खुर्ची मिळाली.

शिकवायला आलेल्या बाईंचं म्हणणं एवढंच की मूल काहीही सांगू लागलं तर ‘असं कुठे असतं का?’ म्हणू नये. फक्त ‘मग?’ म्हणावं. ढग जिना चढला म्हणालं, मग? चप्पल रुसली म्हणालं, मग? मी विचारलं, पण मुलाने दिलेली माहिती सपशेल चुकीची असेल तर? बाई म्हणाल्या, मग? मी म्हटलं, मग ती सुधारायला नको का? त्या पुन्हा म्हणाल्या, मग? या बाईंना उत्तर ठाऊक नव्हतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. सगळ्या हसल्या.

तरीही पद्धत मान्य. मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. बुधवारी ‘मग?’ सोडून दुसरा शब्द काढणार नाही. तळहातावर पेनाने लिहून जाणार.

१५ जुलै, बुधवार

आज श्रोता झालो. हलत्या दाताच्या मुलाने गोष्ट सांगितली. एक चमचा होता आणि तो ऑफिसला गेला. मी म्हटलं, मग? त्याला बॉस ओरडला. मग? तो रडला आणि त्याच्या डोळ्यांतून आमटी आली. इथेही मी ‘मग?’च म्हटलं, हे मुद्दाम नोंदवतो. पुढे चमच्याने गाडी घेतली आणि स्वतः चालवत घरी आला. आता चमच्याचं वय काय, लायसन्स कोणी दिलं, स्टिअरिंगपर्यंत तो पोचला कसा? एवढंच विचारलं. सौम्य आवाजात विचारलं. मुलगा म्हणाला, मला नाही सांगायची. आणि हुंदके देऊ लागला.

आमच्या ऑफिसातही शेवटी लोक असेच रडायचे. दावा खोटा असला की माणूस रडतो, हा अनुभव आहे.

घामाने तळहातावरचा ‘मग?’ पुसला गेला होता. पुढच्या वेळी पक्क्या शाईचं पेन.

१८ जुलै, शनिवार

मोठा शोध! आमच्या घरात गेला महिनाभर एक इसम राहतो आहे आणि मला पत्ता नाही.

नाव गडबडे. वॉशिंग मशीनच्या मागे राहतात. उंची बुटाएवढी, पण उभे राहिले तर दाराएवढी. डोक्यावर वाटी घालतात. चिमीशिवाय कोणाला दिसत नाहीत. सूनबाई त्यांच्यासाठी जेवताना एक बशी मांडतात. ती बशी जास्तीची आहे असं समजून मी रोज तिच्यात शेंगांची टरफलं टाकत आलो. कोणी बोललं नाही. फक्त चिमी ती बशी उचलून धुऊन आणायची.

कल्पनाशक्तीला उत्तेजन देण्याची अशी संधी घरबसल्या चालून आली. लगेच चिमीला समोर बसवून रीतसर चौकशी केली. गडबडे कुठून आले? नळातून. दार बंद असताना? त्याला दार लागत नाही. साक्षीदार? तो स्वतः. तासाभराने तेच प्रश्न उलट्या क्रमाने विचारले. जबाबात काडीचाही फरक नाही! इतका सुसंगत जबाब मी उभ्या नोकरीत ऐकलेला नाही. मान गये.

गडबड्यांना माझ्या शेजारी बसव म्हटलं. चिमी म्हणाली, नको, तुम्ही त्याला प्रश्न विचाराल.

लाजाळू दिसतात.

२० जुलै, सोमवार

शाळेची सूचना: येत्या शनिवारी प्रत्येक मुलाने घरून आपला आवडता गोष्ट सांगणारा माणूस आणायचा. एक मूल, एक माणूस.

हाच तो क्षण. व्याह्यांना कळायच्या आत चिमीचा निर्णय व्हायला हवा. पण तिच्यावर दडपण आणायचं नाही हे तत्त्व. म्हणून तिला शांतपणे सांगितलं, निवड सर्वस्वी तुझी आहे. दात घासताना सांगितलं, जेवताना सांगितलं, रिक्षात सांगितलं. ही म्हणाली, पोरगी स्वप्नातसुद्धा ‘निवड माझी आहे’ म्हणत दचकेल. टोमणा. मी दुर्लक्ष केलं.

नवीन शर्ट आणला. वर्गाच्या भिंतीच्या रंगाला शोभेल असा.

२४ जुलै, शुक्रवार

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. इथे तर व्याहीच दाखल! दोन दिवसांसाठी आलोय म्हणतात. बॅग मात्र चाकांची आहे.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी गोष्ट सुरू केली. मगर दाढ दुखते म्हणून दवाखान्यात येते आणि ‘आ’ करते, तर आतमध्ये हरवलेला पोस्टमन बसलेला. चिमी घास हातात धरून बसली होती. चिरंजीव, सूनबाई, हीसुद्धा. मी एवढंच लक्षात आणून दिलं की मगरीचे दात पडले तरी पुन्हा येतात, त्यामुळे तिला दवाखान्याची गरजच नाही आणि डेंटिस्टला तरी हे ठाऊक असायला हवं. सगळ्यांनी आपापल्या पानात बघितलं. मुद्दा पटला. मग चिमी म्हणाली, पुढे सांगा ना. ते व्याह्यांकडे बघून म्हणाली, पण ते तिच्या बसण्याच्या जागेमुळे.

जेवणानंतर चिमीने जाहीर केलं, मी ठरवलंय उद्या कोणाला न्यायचं ते, पण आत्ता सांगणार नाही. आणि माझ्या दिशेला बघून हसली! माझ्या पाठीमागे वॉशिंग मशीन आहे, पण तो मुद्दा नाही. व्याह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तरी पोळी तिसरी घेतली त्यांनी.

शर्टाला इस्त्री. कासवाची उजळणी. गुडघ्यांना बाम.

२५ जुलै, शनिवार. दुपारी

लिहायला हात होत नाही. तरी वस्तुस्थिती नोंदवून ठेवणं भाग आहे.

मुलं सतरंजीवर गोल करून बसली होती. पालक मागे, भिंतीशी; निर्णय गुप्त असल्याने मी आणि व्याही दोघंही त्यांच्यात. एकेक मूल उठायचं, वर्गातली एक लहान खुर्ची मध्ये ठेवायचं आणि आपल्या माणसाला हात धरून आणून बसवायचं. कोणाची आई, कोणाची आत्या, एकाचा नुकती मिसरूड फुटलेला मामा.

चिमीचं नाव पुकारलं. तिने खुर्ची आणली, मध्ये ठेवली, फडक्याने पुसली. पुसली, हे विशेष. मग ती खुर्चीशेजारी उभी राहून सगळ्यांकडे बघू लागली. हात धरायला आली नाही. मी समजलो, संकोचली आहे. शर्ट नीट केला, व्याह्यांकडे एक नजर टाकली, गोलात गेलो आणि बसलो.

चिमीने जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. म्हणाली, आजोबा, गडबडेवर बसलात!

सगळी मुलं ताडकन उठली. कोणी ओरडलं, त्याचा पाय! कोणी म्हणालं, वाटी फुटली! या क्षणी ‘मग?’ म्हणायचं असतं, हे मला कळत होतं. पक्क्या शाईने तळहातावर लिहिलेलंही होतं. पण तोंडातून वेगळंच गेलं. मी म्हटलं, इथे कोणीही नव्हतं, बसण्यापूर्वी मी जागेची स्वतः पाहणी केली आहे.

चिमी रडायला लागली. मोठ्याने नाही. ओठ आत ओढून.

उठायला गेलो तर खुर्ची सोबत आली. लहान मुलांच्या खुर्च्यांना हात असू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईंनी खुर्ची धरली, मामाने मला ओढलं. तोवर हलत्या दाताचा मुलगा डॉक्टर झाला होता. मुलांनी गडबड्यांना अलगद उचलून उशीवर ठेवलं. एवढी मुलं एकदम, आणि एकानेही त्यांचं डोकं लोंबकळू दिलं नाही. मग व्याही पुढे आले. गुडघे टेकून बसले (टेबल न धरता) आणि उशीला विचारलं, आ करता का? बघितलं बराच वेळ. म्हणाले, दात सगळे शाबूत आहेत, पायाचं मात्र हाडांच्या डॉक्टरांना विचारा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पालकांनीसुद्धा.

प्रसिद्धीचा हव्यास.

पुढे खुर्ची परत मध्ये ठेवून, गडबड्यांना उशीसकट बसवून, त्यांची गोष्ट झाली. रिकाम्या खुर्चीकडे बघत सगळा वर्ग गप्प बसला. मध्येच एकदम हसला, मग पुन्हा गप्प. एकही मूल आडवं झालं नाही.

मला एक शब्द ऐकू आला नाही.

२६ जुलै, रविवार

शांतपणे विचार केला. कायदेशीर बाजू माझीच भक्कम आहे. खुर्चीवर ‘राखीव’ अशी पाटी नव्हती. इसम अदृश्य असल्याची पूर्वसूचना उपस्थितांना दिलेली नव्हती. माझी जबाबदारी शून्य.

हे नाश्त्याला सगळ्यांना समजावून सांगितलं. ही म्हणाली, जन्मभर तुम्ही कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही, ते ठेवला नाही. पण एका पोरीने एक माणूस उभा केला होता, तर त्याच्यावर जाऊन बसलात! चिरंजीव खिडकीबाहेर बघत होता. खांदे हलत होते त्याचे.

मोठ्या बाईंचा फोन. यापुढे बुधवारी विश्रांती घ्या म्हणाल्या. म्हटलं, माझे गुडघे उत्तम आहेत. त्या म्हणाल्या, प्रश्न गुडघ्यांचा नाही.

चिमी माझ्याजवळून जाताना भिंतीला चिकटून जाते. हातात काहीतरी जपून धरलेलं असतं.

२८ जुलै, मंगळवार

माघार म्हणून नव्हे, सौजन्य म्हणून गडबड्यांची विचारपूस करायला गेलो. वॉशिंग मशीनच्या मागे वाकलो. म्हटलं, काय गडबडे, कसं काय? बरं आहे ना? वाकलेलाच राहिलो, कारण कंबरेत चमक भरली. मागून चिमीचा आवाज आला. ती म्हणाली, तो तिथे नाही, हॉस्पिटलमध्ये आहे, सोफ्याखाली. आणि निघून गेली. माझ्या कंबरेबद्दल एका अक्षराने विचारलं नाही.

आज वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

३० जुलै, गुरुवार. संध्याकाळ

ऐतिहासिक दिवस!!

सकाळी सोफ्यासमोर जमिनीवर बसलो. व्याहीबुवांनी हात दिला, घेतला. चिमीला म्हटलं, चूक माझी. ते तिथे होते. मी बघितलं नाही. जन्मात पहिल्यांदा एक दावा पुराव्याशिवाय मंजूर केला. आमचे जुने साहेब असते तर त्यांना भोवळ आली असती.

चिमीने सोफ्याखाली डोकं घालून चर्चा केली. बाहेर येऊन म्हणाली, त्याला प्लास्टर घातलंय आणि त्याला झोप येत नाही. डॉक्टरांनी औषध दिलंय. मी विचारलं, कोणतं? ती म्हणाली, कासवाचं.

आणि मग पुढचं वाक्य बोलली. शब्दशः उतरवतो: आजोबा, गोष्ट सांगा.

आपल्या तोंडाने! आपणहून! महिना संपायच्या आत! एक तारखेचा संकल्प पुन्हा वाचून पाहिला. अक्षर न अक्षर पूर्ण. त्यात कोणासाठी म्हटलं पाहिजे, असं काही लिहिलेलं नाही.

औषध रोज रात्री जेवणानंतर एकदा. हिला सांगितलं, शेवटी गुणांचं चीज होतं. ही म्हणाली, रोगी बरा होईपर्यंतच हं.

२ ऑगस्ट, रविवार

गडबड्यांना आज हॉस्पिटलमधून बाहेर, माझ्यासमोरच्या खुर्चीवर हलवलं. मोठी खुर्ची, बिनहाताची. चिमीने त्यांना शाल पांघरली आणि मला सुरू करा म्हणाली. पुराचं वर्णन मस्त जमलं. चिमी थोडा वेळ बसली. मग आतल्या खोलीत व्याह्यांचा आवाज आला (दोन दिवसांसाठी आले होते हे गृहस्थ) आणि ती पेशंटला त्रास देऊ नका, असं मला बजावून आत गेली. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी लक्ष विचलित होऊ दिलं नाही. गडबडे श्रोता म्हणून उत्तम. मध्ये प्रश्न नाही, दूध उतू जात नाही.

कासव तिसऱ्या खिडकीशी पोचलं. माझ्या मते गोष्टीतली ही सर्वोत्तम जागा. तेवढ्यात चिमी उशी न्यायला बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. म्हणाली, आजोबा, तो केव्हाच गेला.

कधी, असं विचारलं. ती म्हणाली, कासव पहिल्या रांगेत उभं राहिलं तेव्हाच. प्लास्टर स्वतःच तोडलं आणि आत पळाला. आता दात-आजोबांच्या मांडीवर बसलाय.

तोंडात बरंच काही आलं. प्लास्टर तोडलं कशाने? माझ्यासमोरून गेला तर मला दिसला कसा नाही? ते सगळं गिळलं आणि म्हटलं, मग?

चिमी म्हणाली, मग काही नाही. तुम्ही पूर्ण करा हवी तर.

उशी घेऊन आत गेली. दार लोटून घेतलं.

गोष्ट अर्धवट टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कासवाला घर मिळवून दिलं. मग उठलो. समोरच्या खुर्चीवरची शाल काढून घडी केली, खुर्चीवरून दोनदा हात फिरवून कोणी नाही याची खात्री करून घेतली, आणि बसलो.